पाण्याला वजन कळतं

नागपूर,
कार्तिक वद्य पंचमी

चि. पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि सोबतचे फोटो चष्मा लावून तीन-तीनदा पाहिले. बंद पडलेल्या जलविहाराच्या शेडमध्ये इतकी वर्षं धूळ खात असलेली स्की-बोट तुम्ही तिघांनी भंगाराच्या भावात घेतलीत. साडेपाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, अंग फायबरचं आणि पोटात पेट्रोल इंजिन. इंजिन जाम झालंय, त्याचे भाग कुठे मिळत नाहीत, म्हणून तू विचारतेस: "मोठेबाबा, हे काढून मागे आउटबोर्ड लावलं तर चालेल का?"

चालेल. पण मला वाटतं तुझा प्रश्न अर्धाच आहे. इंजिन कुठे लावायचं हे तू विचारलंस. वजन कुठे जाईल हे विचारलं नाहीस. बोटीच्या कामात हाच प्रश्न पहिला आणि हाच शेवटचा. तो मी न विचारता काम केलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. पॉलिटेक्निकच्या पुस्तकात आर्किमिडीज तू वाचलाच आहेस. या पत्रात तो तुझ्या शेडमध्ये येऊन उभा राहील.

आधी ही बोट अशी का बांधली गेली ते समजून घे. पाण्यावर स्की करण्याचा खेळ अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर 1922 साली सुरू झाला. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं पाइनच्या दोन लांब फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली, भावाच्या बोटीला दोर बांधला आणि बरेचदा पडून शेवटी तो पाण्यावर उभा राहिला. पुढे या खेळासाठी वेगळ्या बोटी तयार झाल्या. त्यांचं इंजिन बोटीच्या मधोमध असतं. त्यातून एक तिरपा शाफ्ट तळातून बाहेर जातो, पंखा बोटीच्या पोटाखाली फिरतो आणि त्याच्यामागे सुकाणू. वजन मध्ये असल्यामुळे बोट सपाट धावते, मागे लाट कमी उठते आणि दोराला धरलेल्या माणसाला त्रास होत नाही. पंखा बोटीखाली असल्यामुळे मागे पाण्यात पडलेल्या माणसापासून तो लांब राहतो. म्हणजे त्या बांधणीमागे माणसाचा विचार होता.

आउटबोर्ड ही दुसऱ्या घराची मुलगी. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिरानं अमेरिकेत मिलवॉकीला 1909 च्या सुमारास ते बाजारात आणलं. त्यात इंजिन, गिअर, पंखा आणि सुकाणू सगळं एका उभ्या खांबात असतं. बोटीच्या मागच्या फळीवर टांगायचं आणि चालायचं. दुरुस्तीला खाली उतरवता येतं, उथळ पाण्यात वर उचलता येतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळात साचते. पोटात इंजिन असलेल्या बोटीत याच वाफेचा भडका उडण्याची भीती असते, म्हणून तिथे आधी ब्लोअर लावून वाफ बाहेर काढावी लागते. आउटबोर्डचं इंजिन उघड्यावर असतं, त्यामुळे ही भीती बरीच कमी होते. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे इनबोर्ड, म्हणजे पोटातल्या, इंजिनाचा जाणकार शोधूनही सापडत नाही, तिथे आउटबोर्डच शहाणपणाचं. पण लक्षात ठेव, आता पंखा अगदी टोकाला उघडा फिरणार आणि वजन मधून उठून मागे जाणार. त्या दिवसापासून ही स्की-बोट राहणार नाही. तिच्यामागे माणूस ओढायचा मोह धरू नकोस. ती प्रवासाची, गस्तीची, मदतीची बोट होईल.

आता माझी गोष्ट. भाऊच्या धक्क्यावर काही वर्षं मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं खोलल्यावर मी नागपूरला परतलो, तेव्हा तुझे बाबा शाळेत होते. एका ओळखीच्या गृहस्थांकडे अशीच जुनी बोट होती. मी इंजिन काढलं, मागची फळी आउटबोर्डच्या उंचीला कापली, दोन बोल्ट जास्तीचे मारले आणि रामटेकजवळच्या खिंडसी तलावात बोट उतरवली. काठावर उभी होती तोवर ठीक होती. आम्ही दोघं मागे बसून इंजिन सुरू केलं, थोडा वेग दिला आणि मग एकदम थ्रॉटल बंद केलं. आमच्याच बोटीची लाट मागून आली, कापलेल्या फळीवरून आत शिरली आणि बोटीचा मागचा भाग खाली गेला. काठ चाळीस-पन्नास हातांवर होता म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. तिथले एक म्हातारे ढिवर डोंगा घेऊन आले, दोर टाकला, आम्हाला ओढून काढलं. रागावले नाहीत. ओल्या बोटीकडे पाहून एवढंच म्हणाले, "पान्याले वजन समजते बाबू. इंजिन कोन्तं हाये थे नाही समजत."

नंतर त्यांनी मला त्यांचा डोंगा दाखवला. जाळं मागे ओढायचं असलं की ते पुढच्या टोकात, नाळेजवळ, एक दगड ठेवत. मासे भरले की तो दगड सरकवत. रोजच्या सवयीनं त्यांना ठाऊक होतं की किती वजन आहे यापेक्षा ते कुठे आहे याला जास्त महत्त्व असतं. मी हे वाक्य आयुष्यभर जपलं, आज तुला देतो.

तर पहिलं काम हत्यार हातात घेण्याचं नाही, वजनकाटा आणण्याचं. बोटीतून काढाल ती प्रत्येक वस्तू मोजा आणि वहीत तीन रकाने करा: वस्तू, वजन, बोटीच्या मध्यापासूनचं अंतर. जुनं इंजिन-गिअरबॉक्स मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास भरेल. साठ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड साधारण एकशे पंधरा किलोचं असतं. म्हणजे एकूण वजन दोनशे पस्तीस किलोनं कमी झालं, असं वाटून तुम्ही खूश व्हाल. पण साडेतीनशे किलो मध्यावर होते. त्यांचा बोटीला कोणत्याच टोकाकडे ओढा नव्हता. एकशे पंधरा किलो मध्यापासून जवळजवळ पावणेतीन मीटर मागे टांगले जाणार. बागेतल्या सी-सॉवर लहान पोर टोकाला बसून मोठ्याला उचलतं ते आठव.

याचा उतारा नवीन वजन टाकण्यात नाही, जुनं हलवण्यात आहे. बॅटरी पुढे न्या. पन्नास लिटर पेट्रोल म्हणजे सदतीस किलोच्या आसपास. तुमची टाकी मागे असेल तर मध्याच्या पुढे आणा. नांगर आणि त्याचा दोर नाळेत. चालवणाऱ्याची बैठक जमेल तितकी पुढे. एवढं करूनही हिशोब पुरता फिटणार नाही, मागची बाजू दोन-तीन बोटं खाली राहील. तेवढं चालतं.

आता बोटीचं अंग. लहान हातोडी घे आणि तळ, बाजू, मागची उभी फळी, आतले लांब आडे म्हणजे स्ट्रिंगर, सगळं इंचाइंचानं ठोकून पाहा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी मंद, भरलेला. बाहेरून फायबर सुंदर दिसत असतं. त्याच्या आत प्लायवूडचा गाभा असतो आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून तो काळा भुसा झालेला असतो. शंका आली की आतून बारीक भोक पाड. भुसा कोरडा, पिवळसर निघाला तर ठीक; काळा, ओला, कुबट वासाचा निघाला तर ती जागा उघडायची.

बोटीच्या आतल्या जमिनीखालचा फोमही उघडून पाहा. बोट बुडू नये म्हणून तो भरलेला असतो, पण वीस-तीस वर्षांत तोच पाणी पितो. त्या खिंडसीच्या बोटीची मी पुन्हा दुरुस्ती केली तेव्हा फोम पोत्यात भरून काट्यावर ठेवला. नव्वद किलो! कोरडा असता तर दहा किलोही भरला नसता. म्हणजे जो तरंगवायला ठेवला होता, तोच गुपचूप बुडवत होता. माझ्या पहिल्या चाचणीत हे ऐंशी किलो माझ्या कुठल्याच हिशोबात नव्हते. म्हणून सांगतो, दिसत नाही ते वजन आधी शोध.

मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. या सगळ्या कामाचा जीव तिथे आहे. जुन्या रचनेत पंख्याचा रेटा शाफ्टमधून गिअरबॉक्सवर, तिथून इंजिनाच्या बैठकीवर आणि मग स्ट्रिंगरमधून सगळ्या बोटीत पसरत होता. मागची फळी फक्त डबा बंद करण्यापुरती. आता इंजिनाचं सगळं वजन आणि सगळा रेटा त्याच फळीवर येणार. पंखा खाली असतो, त्यामुळे ब्रॅकेटचा खालचा भाग फळीला पुढे दाबतो आणि वरचा भाग तिला मागे ओढतो. वरच्या बोल्टवर सतत ताण. म्हणून जुना गाभा पूर्ण काढायचा. आयएस 710 शिक्क्याच्या मरीन प्लायचे अठरा मिलीमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवायचे, आतून-बाहेरून फायबर चढवायचं आणि दोन्ही बाजूंनी मजबूत त्रिकोणी आधार देऊन ही फळी स्ट्रिंगरशी एकजीव करायची. रेटा पुन्हा लांब आड्यांत पोचला पाहिजे. फळी कितीही जाड केली आणि ती आड्यांशी जोडली नाही, तर एक दिवस ती इंजिनासकट सुटेल.

इथे कोणीतरी सल्ला देईल की प्लाय कशाला, आपल्या आलापल्लीचं सागवान लावा. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागवानाचा मला अभिमान आहे, पण ते तेलकट लाकूड आहे. त्या तेलामुळेच ते पाण्यात टिकतं आणि त्या तेलामुळेच रेझिन त्याला नीट धरत नाही. फायबरच्या पोटात मरीन प्लायच योग्य. सागवान वरच्या पट्टीला लाव, हात ठेवायला.

दुसरा सल्ला मिळेल कूलरवाल्यांकडे जाण्याचा. आपल्या गावात कूलरची फायबर बॉडी बनवणारे हात खरंच तरबेज आहेत. त्यांच्याकडून मॅटवर रोलर कसा फिरवायचा, हवेचे बुडबुडे कसे काढायचे, हे जरूर शिक. पण त्यांचं काम आकाराचं आहे, ताकदीचं नाही. तिथे रेझिन थोडं जास्त झालं तरी बिघडत नाही. बोटीत जास्तीचं रेझिन म्हणजे ताकद न वाढवता वाढलेलं वजन, आणि वर ठिसूळपणा. सुटी मॅट असेल तर तिच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन, बस्स. तेही अंदाजानं नाही, काट्यावर मोजून. ट्रान्समच्या जोडाला मात्र पैसे वाचवू नकोस. जुन्या, वाळलेल्या फायबरला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी कितीतरी घट्ट धरते. तिच्यासोबत नेहमीची सुटी मॅट वापरू नको. त्या मॅटचं बंधन पॉलिएस्टरमध्ये विरघळतं, इपॉक्सीत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घे.

तळाची जुनी भोकं मोज: शाफ्टचं, सुकाणूचं, पंख्याच्या आधाराच्या बोल्टांची, थंड पाणी आत घेण्याचं, धूर बाहेर टाकण्याची. प्रत्येक भोक बंद करताना नुसतं बूच ठोकू नकोस. कडा जाडीच्या बारापट लांबीनं उतरत्या घासायच्या. तळ पाच मिलीमीटर जाड असेल तर चारही बाजूंनी साठ मिलीमीटरचा उतार. मग एकेक थर मोठा होत जाणारा. असं ठिगळ तळाचाच भाग होतं. भोकात बसवलेलं बूच पाण्याचा दाब आला की आत निघून येतं.

आपल्या हवेचंही ऐक. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जातं. तेव्हा भांड्यातलं रेझिन हातातच तापून दगड होतं. जून लागला की ओलावा. म्हणून हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवायचं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा खूप उतरतो आणि रेझिन वाळत नाही, तेव्हा थर चढवायचे ते सकाळी दहा ते दुपारी तीन. तू पत्र नेमकं योग्य वेळी लिहिलंस.

आणि हे अधोरेखित करून ठेव: रेझिन घट्ट व्हावं म्हणून घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळायचं नाही, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर हार्डनर. शक्यतो कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन घ्या. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्म्याशिवाय झाकण उघडायचं नाही. घासताना उडणारी फायबरची धूळ छातीत बसते. रुमाल चालत नाही, चांगला मास्क लागतो. तिघांपैकी एक जण जरी कंटाळून मास्क काढेल, त्या दिवशी काम थांबव. तू त्यांच्यात मोठी आहेस म्हणून हे तुझ्यावर सोपवतो.

इंजिन निवडताना तीन गोष्टी पाहा. पहिली, शाफ्टची लांबी. मागच्या फळीची उंची पंधरा इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, वीस इंच असेल तर लाँग. तू वीस इंचच ठेव. मी फळी खाली कापली होती, ती माझी सर्वांत मोठी चूक. फळीच्या पुढे आडवी भिंत घालून एक हौद कर, त्यात आलेलं पाणी दोन नळ्यांनी पुन्हा मागे बाहेर गेलं पाहिजे. मागून लाट आलीच तर ती हौदात थांबेल, बोटीत शिरणार नाही. इंजिन बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर हवी. खूप खाली गेली तर पाणी अडतं, खूप वर गेली तर पंखा हवा ओढतो.

दुसरी, फोर-स्ट्रोकच घे. जुन्या टू-स्ट्रोकमधून न जळलेलं पेट्रोल आणि तेल सरळ पाण्यात जातं. पेंच प्रकल्पाचं पाणी नागपूर पितं. आपल्या भागात जलाशय म्हणजे कोणाच्या तरी घरातला हंडा आहे, हे विसरू नकोस.

तिसरी, सुटे भाग. ज्या एव्हिनरूडच्या नावानं आउटबोर्ड जगाला कळलं, त्या नावाची इंजिनं बनणंही 2020 मध्ये बंद झालं. एवढं जुनं नाव थांबू शकतं, तर स्वस्तात मिळालेल्या अनोळखी इंजिनाचा काय भरवसा? ज्याचा पंखा, पाण्याच्या पंपाचं इम्पेलर आणि स्पार्क प्लग तुला आठ दिवसांत मिळतो, तेच इंजिन चांगलं. आणि किल-स्विचचा दोर चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेला असल्याशिवाय इंजिन सुरूच करायचं नाही. तोल जाऊन चालक पडला तर दोर निघतो, इंजिन बंद होतं. नाहीतर मोकळी बोट गोल फिरून त्याच माणसावर येते.

आता चाचणी. पहिल्या दिवशी बोटीत माणूस बसवायचा नाही. काठाला दोन दोर बांधून तिला पाण्यात सोडायची आणि पाण्याची रेघ कुठे लागते ते दोन्ही बाजूंनी खडूनं आखायचं. मग पन्नास किलोची वाळूची पोती एकेक करून ठेवायची. तुझ्या बोटीच्या आकाराचा पाण्यावरचा पसारा अंदाजे सात चौरस मीटर. सात चौरस मीटरचा एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे सत्तर लिटर पाणी, म्हणजे सत्तर किलो. म्हणून साधारण एक मोठा माणूस बसला की तुझी बोट एक सेंटिमीटर खाली जाणार. हा हिशोब वहीत कर आणि मग खडूच्या रेघांशी ताडून पाहा. वही आणि रेघ जुळल्या तर तुझं काम खरं. जुळल्या नाहीत तर कुठेतरी लपलेलं पाणी आहे, परत शोध.

इंजिनाची चाचणी नेहमी मोकळ्या पाण्यात, कोणीही जवळ नसताना. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंस. नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीवर होती, इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटला आणि ती गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली. कितीतरी माणसं गेली. प्रशिक्षित हातांच्या बाबतीत हे घडतं, तर आपण किती सावध असलं पाहिजे! नव्या इंजिनावर पहिल्या दिवसापासून विश्वास ठेवायचा नसतो. तो त्यानं कमवायचा असतो.

कागदपत्रांचंही काम आधी कर. 1917 चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 आहे. इंजिन बदललं म्हणजे कागदावर बोट बदलली. नोंदणी, तपासणी, विमा आणि जलाशय ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी, हे सगळं रंग लावायच्या आधी. हा अडथळा समजू नको. तपासणीला येणारा माणूस तुझ्या कामाकडे दुसऱ्या डोळ्यांनी पाहील आणि तुला न दिसलेलं त्याला दिसेल.

तू पत्राच्या शेवटी विचारलंस, "एवढं करून नागपुरात बोटीचा उपयोग काय?" 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठव. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीच्या भागात घराघरांत पाणी शिरलं. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या गावातल्या गल्ल्यांत त्या दिवशी बोटी चालल्या. एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कराच्या जवानांनी माणसं बाहेर काढली. मूकबधिर विद्यालयातली लेकरंही. पोरी, हाक मारू न शकणारी लेकरं. त्यांच्यापर्यंत बोट पोचली.

आणि आपल्या गावाचं हे नातं जुनंच आहे. आपत्तीत माणसं कशी वाचवायची हे शिकवणारी राष्ट्रीय संस्था 1957 मध्येच नागपुरात सुरू झाली, अग्निशमनाचं राष्ट्रीय महाविद्यालयही इथेच आहे आणि एनडीआरएफची अकादमीही. तिथले लोक आउटबोर्डला ओबीएम म्हणतात. तुला जमेल तेव्हा अशा प्रशिक्षणातल्या एखाद्या माणसाला भेट, त्याला बोट दाखव, तो काय विचारतो ते ऐक. गावाजवळच्या एखाद्या जलाशयावर एक चांगली दुरुस्त केलेली, नोंदणी झालेली, लाइफ जॅकेट भरलेली बोट आणि ती चालवू शकणारे तीन तरुण असणं, हा किती मोठा उपयोग आहे!

कारण उलटही आपण पाहिलंय. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात फिरायला गेलेल्या तरुण मुलांची नाव उलटली. सप्टेंबर 2021 मध्ये वर्धा नदीवर झुंजजवळ नाव बुडून एकाच नात्यागोत्यातली अकरा माणसं गेली. यांतल्या कित्येकांच्या घरी यंदाही दिवाळीचे दिवे मंदच लागले असतील. अशा नावेत एक माणूस जास्तीचा बसतो तेव्हा कोणालाच काही वाटत नाही. एक सेंटिमीटरच तर खाली गेली. मग आणखी एक. मग सगळे एका बाजूला सरकतात.

म्हणून शेवटचं काम सांगतो आणि ते तू स्वतःच्या हातानं कर. वाळूच्या पोत्यांनी जो आकडा ठरेल, त्यातून एक माणूस कमी कर. मग बोटीच्या दोन्ही बाजूंवर, आत आणि बाहेर, वीतभर उंच मराठी अक्षरांत लिही: "या बोटीत माणसं इतकीच." नाव नंतर सुचेल तेव्हा दे, नक्षी नंतर काढ; आकडा आधी. आणि त्या आकड्याच्या पुढचा माणूस आला, मग तो तुझा मित्र असो, गावचा पुढारी असो की मी असो, त्याला काठावर थांबव. मी थांबेन.

तुझे
मोठेबाबा